छेदही छापा: दराचे आकडे छापणाऱ्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक, वृत्तसंपादक आणि रात्रपाळीची उपसंपादक मंडळी,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या काही वर्षांत तुमच्या पानांवर ‘दर’ हा शब्द फार वाढला आहे. मृत्युदर, अपघातदर, बरे होण्याचा दर, यंत्रं निकामी होण्याचा दर. आकडा ठळक, टक्क्याचं चिन्ह त्याहून ठळक. पण तो आकडा कशाला कशाने भागून आला, हे शोधत बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेलं तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. तुम्ही अंश छापता आणि छेद गाळता. शाळेत अपूर्णांक असा अर्धा लिहिला असता तर गुरुजींनी वही परत दिली असती.

मी डॉक्टर नाही, लोकसंख्याशास्त्रज्ञही नाही. कारखान्याच्या देखभाल विभागात कोणतं यंत्र कधी बंद पडेल याचा हिशेब ठेवणं, हे माझं पोटापाण्याचं काम. माणसाचं मरण आणि पंपाचं बंद पडणं एका पत्रात आणलं म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये. शोक वेगळा असतो, भागाकार तोच असतो. विमा कंपनीचा गणिती आणि आमच्यासारखे लोक एकाच सूत्रावर जगतात: ठरावीक काळात किती गेले, भागिले त्या काळात जाण्याची शक्यता असलेले किती होते. यातला ‘शक्यता असलेले किती’ हा भाग दिसायला साधा आहे आणि सगळी गोम तिथेच आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1863 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यात एक तक्ता होता. आकडे जमवणारे होते विल्यम फार, इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणीचे सांख्यिकी पाहणारे आणि त्या काळातले या विषयातले बहुधा सर्वांत जाणते गृहस्थ. तक्ता म्हणत होता की लंडनमधल्या 24 रुग्णालयांत मृत्युदर 90.84 टक्के आहे. म्हणजे शंभरातले एक्क्याण्णव मेले! डॉक्टर मंडळी खवळली आणि वैद्यकीय नियतकालिकांतून भांडण पेटलं.

आकडा आला कुठून? वर्षभरातले मृत्यू 3,828. भागिले 4,214. भागाकार अगदी बरोबर आहे, करून पाहा. पण ते 4,214 म्हणजे वर्षभरात दाखल झालेले रुग्ण नव्हेत. एप्रिल 1861 मधल्या एका दिवशी त्या रुग्णालयांत खाटांवर जेवढे रुग्ण होते, तेवढेच ते. अंशात वर्षभराचे मृत्यू, छेदात एका दिवसाची हजेरी. एकेका खाटेवर वर्षभरात कितीतरी माणसं येऊन जातात. त्या सगळ्यांना मोजलं असतं तर आकडा धाडकन खाली आला असता.

इथे थांबून ‘चुकलं बिचाऱ्यांचं’ म्हणून मोकळं होता येत नाही, कारण विल्यम फार यांचं चुकलं नव्हतं. त्यांचा आकडा एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता: शंभर खाटा वर्षभर भरलेल्या असतील तर त्यांवर वर्षात किती मृत्यू होतात? डॉक्टरांचा प्रश्न होता, शंभर माणसं दाखल झाली तर त्यांतली किती जिवंत घरी जात नाहीत? पहिल्यात घड्याळ आहे, दुसऱ्यात नाही. आणि दुसरा आकडा सोज्वळ वाटतो म्हणून तो निर्दोष आहे असंही नाही. अत्यवस्थ रुग्णाला दोन दिवस आधी घरी पाठवून दिलं की तो मरतो घरी, आणि रुग्णालयाची पाटी कोरी राहते. दोन्ही आकड्यांना ‘मृत्युदर’ हेच नाव होतं. नावावरून काही कळत नाही, छेदावरून कळतं.

एकशे चाळीस वर्षांनंतर तोच घोळ उलट्या दिशेने झाला. 2003 मध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास सांगितलं जात होतं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज वाढवून 14 ते 15 टक्क्यांवर नेला. विषाणू एकदम माजला, असं वाटण्यासारखी ती बातमी होती. साथ संपल्यावरची बेरीज अशी: 8,096 रुग्ण, 774 मृत्यू, म्हणजे सुमारे 9.6 टक्के. सुरुवातीचा आकडा लहान का होता? त्या दिवसापर्यंतचे मृत्यू भागिले त्या दिवसापर्यंतचे सगळे रुग्ण, असा तो काढला होता. छेदातले कित्येक जण तेव्हा खाटेवरच होते. ते बरे होणार की जाणार, हे ठरायचं होतं आणि आपण त्यांना ‘वाचलेले’ म्हणून मोजून टाकलं. साथ जितकी वेगाने वाढते तितके नवे रुग्ण छेदात ओतले जातात आणि दर तितका खोटा लहान दिसतो. मग कुणी शहाणा म्हणतो, ज्यांचा निकाल लागला तेवढेच घ्या: मेलेले भागिले मेलेले अधिक बरे झालेले. तेही फसवं. मरणारा बहुधा बरा होणाऱ्याच्या आधी निकालाला पोचतो, त्यामुळे साथीच्या सुरुवातीला हा आकडा फुगतो.

निकाल न लागलेल्यांचं काय करायचं, या प्रश्नावर मी स्वतः आपटलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एका जातीच्या पंपांची मेकॅनिकल सील्स होती. सील म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टच्या भोवतीचं ते बसकं कडं, जे पंपातला द्रव बाहेर येऊ देत नाही. ते गेलं की पंपाखाली ओल येते, मग थेंब, मग धार. एकाच दिवशी दहा नवी सील्स बसवली. दोन वर्षांनी साहेबांनी विचारलं, या सीलचं आयुष्य किती, पुढची ऑर्डर किती द्यायची? मी नोंदवही उघडली. एका रकान्यात बसवल्याची तारीख, दुसऱ्यात काढल्याची. सहा सील्स गेली होती: 3, 5, 8, 11, 14 आणि 19 महिन्यांनी. बेरीज 60, भागिले 6, उत्तर 10. ‘दहा महिने, साहेब.’ त्या हिशेबाने सुट्या सील्सची ऑर्डर गेली, पुरवठादाराला एक कडक पत्रही गेलं.

उरलेल्या चार सील्सच्या पुढचा रकाना रिकामा होता. ती चालू होती. संगणकाने रिकामी घरं सोडून दिली आणि मीही. म्हणजे मी फक्त मेलेल्यांना विचारलं, किती जगलात? उत्तम चाललेली चार सील्स 24 महिने होऊनही थेंब गाळत नव्हती आणि माझ्या हिशेबात त्यांना जागाच नव्हती. त्यांचं आयुष्य किती हे मला माहीत नव्हतं हे खरं, पण ‘किमान 24 महिने’ एवढं तर माहीत होतं. ती माहिती फेकून देण्याचा अधिकार मला कुणी दिला?

सरळ हिशेब असा होता: सहा गेलेल्यांनी मिळून 60 महिने काम केलं, चार चालूंनी मिळून 96. एकूण 156 सील-महिने, त्यात सहा बिघाड. म्हणजे सरासरी 26 सील-महिन्यांमागे एक. मी सांगितलं होतं दहा. सुट्या सील्सची पेटी पुढे कित्येक दिवस स्टोअरमध्ये माझ्याकडे बघत पडून होती, आणि पुरवठादाराची माफी मला तोंडी मागावी लागली.

ही अडचण सोडवण्याची रीत तेव्हा पुस्तकांतून शिकवली जात होती, मी ती वाचली नव्हती एवढंच. त्या रीतीमागे एक मजेशीर योग आहे. 1950 च्या दशकात एडवर्ड कॅप्लन हे बेल प्रयोगशाळेत समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतील, हा हिशेब करत होते. समुद्रतळाशी गेलेली नळी कोण बदलणार? पॉल मायर हे रुग्णांच्या जगण्यामरण्याच्या नोंदींवर काम करत होते. रुग्ण गाव सोडून जातात, अभ्यास संपतो तेव्हाही जिवंत असतात, पत्ता लागत नाही. दोघांच्याही कागदांवर तीच रिकामी घरं. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तीच युक्ती शोधली आणि एकाच नियतकालिकाकडे पाठवली. संपादकांनी (पाहा, तुमच्याच जातीचे!) दोघांना सांगितलं, मिळून एक निबंध करा. तो 1958 साली छापून आला. युक्ती एवढीच, की दर वेळी एखादा मरतो किंवा बिघडतो त्या क्षणी अजून निरीक्षणात किती जण होते ते मोजायचं, आणि त्या त्या पायरीवर टिकण्याचं प्रमाण काढून सगळ्या पायऱ्यांचा गुणाकार करायचा. जो मध्येच निघून गेला तो जितका वेळ हजर होता तितका वेळ छेदात राहतो, आणि मग गुपचूप बाजूला होतो. त्याला मेलेला म्हणायचं नाही आणि अमरही म्हणायचं नाही. आज कर्करोगाच्या औषधाची कुठलीही चाचणी घ्या, त्यात ती उतरत्या पायऱ्यांची रेघ असते. तिच्यात मेलेल्यांइतकंच जिवंतांचंही ऐकलेलं असतं.

आता दुसरी तक्रार, आणि ही जास्त गंभीर आहे. छेद बरोबर असला तरी एकच दर छापून भागत नाही, कारण दर वयाबरोबर बदलतो. कसा बदलतो, हीच खरी बातमी असते.

लंडनमधले कापडाचे व्यापारी जॉन ग्रॉन्ट यांनी 1662 साली मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांवरून एक तक्ता मांडला. त्या याद्यांत मरणाऱ्याचं वय लिहिलेलंच नसे, फक्त मरणाचं कारण लिहीत. ग्रॉन्ट यांनी पोरवयात नेणारे आजार कोणते ते वेगळे काढून अंदाज बांधला: जन्मलेल्या 100 पैकी 36 जण सहावं वर्ष गाठण्याआधी जातात, सोळाव्या वर्षी 40 उरतात, शहात्तराव्या वर्षी एक. मधल्या पायऱ्या बऱ्याचशा त्यांच्या कल्पनेच्या होत्या. पण ‘लोक किती वर्षं जगतात’ याला एका आकड्यात उत्तर न देता त्यांनी पायऱ्यांत उत्तर दिलं, हे मोठं काम. तीस वर्षांनी, 1693 मध्ये, धूमकेतूवाले एडमंड हॅली यांनी ब्रेस्लाव शहराच्या नोंदींवरून अधिक पक्का तक्ता केला. तिथे वयं नोंदलेली होती.

मग 1825 मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी त्या पायऱ्यांतली चाल ओळखली. तरुणपण सरल्यावर माणसाच्या मरणाची जोखीम ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या आकडेवारीत ही दुप्पट साधारण आठ वर्षांनी होते असं दिसतं. तिशीपासून सत्तरीपर्यंत चाळीस वर्षं, म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पट. चक्रवाढ व्याजच हे, फक्त सावकार वेगळा. जन्मानंतरची पहिली काही वर्षं जोखीम उतरत जाते, दहाव्या वर्षाच्या आसपास ती आयुष्यातली सर्वांत कमी असते, आणि मग चढण सुरू होते.

हे डोक्यात असलं की यंत्रांच्या जाहिरातींतला एक शब्द तुम्हाला खटकायला लागेल: एमटीबीएफ, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकावर तो दहा लाख तास असा छापलेला सापडतो. वर्षाचे तास 8,760. दहा लाख तास म्हणजे 114 वर्षं. तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर मी हे ‘शंभर वर्षं टिकणारी डिस्क’ अशा थाटात वाचलेलं आहे. अहो, हा आकडा आयुष्य सांगतच नाही. हजारो नव्या डिस्क थोडे दिवस चालवायच्या, एकूण तास मोजायचे, बिघाडांनी भागायचं. त्याच रीतीने माणसाचा एमटीबीएफ काढू. सधन देशात दहा वर्षांच्या मुलाची वर्षभरात मरण्याची शक्यता दहा हजारांत एक अशा घरातली असते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचा एमटीबीएफ दहा हजार वर्षं. गणित चोख आहे, निष्कर्ष वेडगळ आहे, कारण ते मूल दहा वर्षांचं राहणार नाही. डिस्कही नवी राहत नाही.

दहा लाख तासांवरून वर्षाला 0.88 टक्के डिस्क जातील असा हिशेब निघतो. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2007 मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतल्या सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. डिस्क बदलण्याचं वार्षिक प्रमाण सर्रास दोन ते चार टक्के निघालं, काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत. आणि वय वाढेल तसं ते वाढत होतं, तेही अपेक्षेपेक्षा लवकर. (इथेही छेदाइतकाच अंश तपासायला हवा: ग्राहकाने बदललेली प्रत्येक डिस्क कारखान्याच्या लेखी बिघडलेली नसते. दोघांची ‘मेली’ची व्याख्या वेगळी.)

आमच्या धंद्यात एक चित्र देवाच्या तसबिरीसारखं लावलेलं असतं, आंघोळीच्या टबाच्या आकाराची रेघ. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण सदोष माल आणि चुकीची जोडणी, मधे सपाट, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. माणसाच्या रेघेशी जुळतं म्हणून लगेच पटतं. नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघांनी 1978 मध्ये विमानाच्या सुट्या भागांचा अहवाल लिहिला, त्यात ही टबाची रेघ फक्त 4 टक्के भागांना लागू पडली. 68 टक्के भागांची रेघ सुरुवातीला उंच आणि मग कायमची सपाट होती. एकूण 89 टक्के भाग असे, की ठरावीक तास झाले म्हणून ते काढून नवे बसवण्याने काही मिळत नव्हतं. उलट नवा भाग म्हणजे पुन्हा सुरुवातीची ती उंच पायरी. ‘चांगलं चाललंय तर उघडू नका’ हे म्हातारे फिटर सांगायचे, आणि आम्ही शिकलेले लोक वेळापत्रक दाखवून उघडायचो. वेळापत्रकाप्रमाणे उघडलेला पंप पुढच्याच आठवड्यात गळताना मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता फिटरचं ऐकतो.

आणखी एक खोच. दर काळाबरोबर उतरताना दिसला म्हणजे प्रत्येक वस्तू सुधारत गेली, असं नाही. समजा पेटीत दोन प्रकारचा माल आहे, काही कच्चा, बाकी पक्का. कच्चा आधी जातो. जसजसा काळ जातो तसतसे पक्केच उरतात आणि एकूण दर खाली येतो. एकही नग पूर्वीपेक्षा मजबूत झालेला नसतो, गर्दीची घडण बदललेली असते. अतिवृद्ध माणसांबद्दलचा वाद याच्याच शेजारचा आहे. 2018 मध्ये इटलीतल्या 105 वर्षांपुढच्या माणसांच्या नोंदींवरून काही संशोधकांनी म्हटलं की त्या वयानंतर जोखीम वाढायची थांबते, दर वर्षी साधारण निम्मे जातात. इतरांनी लगेच शंका घेतली: एवढ्या वयाच्या नोंदींत थोड्या जरी चुका असल्या तरी अशी सपाटी आपोआप दिसू शकते. वाद मिटलेला नाही. त्या वेळी तुमच्यापैकी काहींनी ‘माणसाच्या आयुष्याला मर्यादा नाही’ असा मथळा दिला. वर्षाला निम्मे जाणं याला मर्यादा नाही म्हणणं, धाडसच म्हणायचं.

सरासरी आयुर्मानाबद्दल दोन शब्द, कारण त्यावर तुम्ही दर वर्षी अग्रलेख लिहिता. ‘जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान’ हे भविष्य नसतं. या वर्षी प्रत्येक वयाला जो मृत्युदर आहे तोच एखाद्या काल्पनिक बाळाने आयुष्यभर सोसला तर ते किती जगेल, एवढंच ते सांगतं. अमेरिकेत 1917 साली ते सुमारे 51 वर्षं होतं, 1918 च्या इन्फ्लूएंझात 39 वर आलं आणि 1919 मध्ये 55 च्या जवळ गेलं. 1918 साली जन्मलेली बाळं सरासरी 39 वर्षं जगली का? छे, बरीच जास्त जगली. तो आकडा त्या बाळांचा नव्हताच, त्या वर्षाचा होता. दुसरं म्हणजे ही सरासरी लहान मुलांच्या मृत्यूंनी फार खाली ओढली जाते. जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 1990 मध्ये हजार जन्मांमागे 93 होते, 2022 मध्ये 37. आयुर्मानात जी वाढ दिसते तिच्यातला मोठा वाटा पाळण्याजवळचा आहे. ‘पूर्वी माणसं चाळिशीत म्हातारी होऊन मरत’ हे वाक्य म्हणून चूक. पूर्वीही म्हातारी माणसं म्हातारपणीच मरत, त्या वयापर्यंत पोचणारी कमी असत.

देशादेशांचे ढोबळ मृत्युदर शेजारी छापण्याबद्दल फार लिहीत नाही. जपानचा ढोबळ दर कतारपेक्षा कितीतरी जास्त आहे; जपानी माणसं लवकर मरतात म्हणून नव्हे, जपानमध्ये म्हातारी माणसं जास्त आहेत म्हणून. वयाची घडण सारखी करून तुलना करायची रीत विल्यम फार यांच्या काळापासून आहे. ती वापरलेली नसेल तर तो तक्ता छापू नका, जागा रिकामी राहिली तर माझं पत्र छापा.

‘पाच वर्षं जगण्याचं प्रमाण वाढलं’ ही आणखी एक आवडती बातमी. घड्याळ कधी सुरू केलं, ते विचारा. रोग दोन वर्षं आधी सापडला आणि मरणाची तारीख तीच राहिली, तरी निदानानंतरचं आयुष्य दोन वर्षांनी वाढलेलं दिसतं. दक्षिण कोरियात मानेची सोनोग्राफी सरसकट होऊ लागल्यावर थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान 1993 ते 2011 या काळात सुमारे पंधरा पट झालं. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. छेदात असंख्य निरुपद्रवी गाठी शिरल्या आणि जगण्याचं प्रमाण देखणं झालं. असल्या बातमीत लोकसंख्येमागे त्या रोगाने किती मेले, हा आकडा शेजारी नसेल तर वाचकाला काहीच कळलेलं नसतं.

शेवटी शून्य. ‘आजवर एकही अपघात नाही.’ कॉन्कॉर्ड विमान 1976 पासून प्रवासी नेत होतं. 25 जुलै 2000 च्या दुपारपर्यंत त्याचा प्राणघातक अपघातांचा दर शून्य होता, म्हणजे सुरक्षित विमानांच्या यादीत सर्वांत वर. त्या दिवशी पॅरिसजवळ एक कॉन्कॉर्ड पडलं आणि तेच विमान उड्डाणांमागच्या दरात यादीच्या तळाशी गेलं. विमान रातोरात बदललं नव्हतं. उड्डाणंच इतकी कमी होती की शून्यालाही अर्थ नव्हता आणि एकालाही फारसा नव्हता. आमच्याकडे यासाठी एक कामचलाऊ नियम आहे: एवढ्या वेळा केलं आणि एकदाही बिघडलं नाही, तर तीनला त्या संख्येने भागा, खरा दर तिथपर्यंत असू शकतो. तीस शस्त्रक्रिया, एकही मृत्यू नाही? खरा दर दहा टक्के असला तरी असं घडू शकतं. अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ अवकाशयानांपैकी चॅलेंजरच्या 1986 च्या अपघातानंतर चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत होते आणि काम करणारे अभियंते शंभरात एकच्या जवळ. स्पेस शटलची एकूण 135 उड्डाणं झाली, दोन यानं गेली.

तेव्हा विनंती अशी. दराचा आकडा हातात आला की ज्याने दिला त्याला फोन करून विचारा: कोणाला कोणाने भागलं, किती काळ पाहिलं, ज्यांचा निकाल लागलेला नाही त्यांना कुठे टाकलं, आणि हा आकडा सगळ्या वयांचा एकत्र आहे की वेगवेगळा. उत्तर आलं तर मथळ्याखाली एका ओळीत छापा. ‘दाखल झालेल्या इतक्या रुग्णांपैकी, इतक्या दिवसांत.’ मथळ्यापेक्षा ही ओळ लांब होणार नाही. उत्तर आलं नाही तर ‘छेद उपलब्ध नाही’ असं छापा. पहिले काही दिवस वाचक हसतील, मग आकडे पाठवणारे छेद पाठवू लागतील.

कळावे, लोभ असावा.

आपला जुना वाचक,
देखभाल विभागातला एक हिशेबनीस

ता. क. वर मी ‘26 सील-महिन्यांमागे एक’ असं लिहिलं, त्यावर तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, की दर वयाबरोबर बदलतो असं तूच म्हणतोस, मग हा एकच आकडा कसा? बरोबर आहे. पहिल्या आठ महिन्यांत दहा सील्सनी मिळून 72 महिने काम केलं, बिघाड तीन, म्हणजे 24 महिन्यांमागे एक. त्यानंतर 84 महिने, बिघाड पुन्हा तीन, म्हणजे 28 मागे एक. फरक दिसतो, पण तीन-तीन बिघाडांवरून त्याला चढ किंवा उतार म्हणायची माझी हिंमत नाही. उरलेल्या चार सील्सपैकी दोन अजून चालू आहेत. त्यांचा रकाना मी आता रिकामा ठेवत नाही, दर महिन्याला पेन्सिलीने तारीख पुढे सरकवतो.